बूट काढून कॅबरे

आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत कॅबरे, कॅसिओ आणि धनगरी ढोल एकाच गाण्यात चालायचे. ढोलवाले आबा निरवांगी गावचे. काहीही विचारा, "बघू की" म्हणायचे. घरात पहिला बी.ए. मी, म्हणून निवेदन माझ्याकडं.

भिगवणच्या कार्यक्रमावर यात्रेची सुपारी ठरणार होती. नाचणारीनं गिरकी घेतली, ढोलाची पाळी आली, आणि आबांनी पार्टीनं दिलेले चमकते बूट काढले, ढोलाला भंडारा लावला आणि ते त्याच्या पाया पडले. समोरचे लोकही चपला काढून, हात जोडून उभे राहिले. नाचणारी थबकली.

"आबा, आता काय सांगू?" मी माइक झाकून विचारलं.

"तुमी शिकल्यालं. तुमीच बघा," म्हणत त्यांनी ढोलावर थाप मारली आणि नाच पुन्हा सुरू झाला.

सुपारी मिळाली. नाच आवडला की ढोल, मी यात्रेच्या पंचांना विचारलं.

"ते आमालाबी कळंना," ते म्हणाले, "पर यात्रेत असंच करा."