ब्रशला लावलेली हळद

सातवीत शाळा सुटली तेव्हा वाटलं नव्हतं, की पुन्हा कुणाला ‘बाई’ म्हणायची वेळ येईल. ती आली थेट मिशिगनमध्ये, ऐंशीच्या दशकात, नवऱ्याच्या मोटारकारखान्यातल्या नोकरीपायी इथे आले तेव्हा. माझ्या या बाई साठीच्या, गोऱ्या, रंगाने बरबटलेली पँट घालणाऱ्या. वॉलपेपर परवडत नसे त्या जुन्या काळात इथले लोक जाड कागदात फुलंपानं कापून, कागद भिंतीला धरून वर रंग टिपत. स्टेन्सिलचं ते विसरलेलं काम बाई जुन्या घरांत पुन्हा करत. रंगसुद्धा जुन्याच रीतीचा, साय काढलेल्या दुधात चुना आणि रंगाची पूड कालवलेला. इंग्रजी न येणाऱ्या माझ्या हातात त्यांनी ब्रश दिला, हे मी जन्मात विसरणार नाही.

खंडेनवमीला मी ते ब्रश घरी आणले, पाटावर मांडले आणि वर हळद वाहिली. नवरा म्हणाला, “अगं, ब्रश त्यांचे आहेत. उगाच प्रॉब्लेम नको, यार.”

“ब्रश त्यांचे, हात तर माझे ना?” मी म्हटलं आणि पाटासमोर हात जोडले.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या फार्महाउसच्या दिवाणखान्यात क्रीम रंगाची फुलं टिपायला घेतली, तर पाकळ्या लालसर उमटल्या! ब्रश झटकले होते, तरी केसांत हळद राहिली होती आणि रंगात चुना. हळदीला चुना लागला की लाल होणारच. कुंकू दुसरं कशाचं करतात?

घरमालकीण जिन्यावरून बघत होती. “हे काय?”

“टर्मरिक. टूल्सची पूजा केली काल.”

“म्हणजे माझ्या भिंतीला करी फासलीस?” ती हसली आणि बाईंकडे वळली. “हे अमेरिकन काम आहे, अमेरिकन माणसानेच करावं. हिला ब्रश धुऊ दे.”

बाई शिडीवरून उतरल्या. “या भिंतीचं काम हिचं आहे. हिलाच विचार.”

मी मोडक्या इंग्रजीत म्हणाले, “फुलं चुकली. ती मी पुसते, मीच परत रंगवते. पण पूजा चुकली नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याला आम्ही वर्षातून एकदा हात जोडतो. आणि नुसते ब्रश धुवायचे असतील, तर मी चालले.”

बाईही शिडी मिटायला लागल्या.

“थांबा,” घरमालकीण म्हणाली. “पण मी इथे बसून बघणार.”

“बसा की,” मी म्हटलं.

ती कॉफीचा मग घेऊन पायरीवर बसली. मी पाकळ्या ओल्या असतानाच पुसल्या, ब्रश धुतला, वाळवला, रंगात बुडवून फडक्यावर टिपत टिपत जवळजवळ कोरडा केला आणि कागद भिंतीला धरला. फूल क्रीम उमटलं. मग दुसरं. कोपरा वळेपर्यंत ती जागची हलली नाही. मीही मागे वळून पाहिलं नाही.

परतताना गाडीत बाई एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मला आधी सांगायचं.”

पुढच्या खंडेनवमीला त्या स्वतः ब्रश घेऊन आमच्या घरी आल्या, बूट दाराशी काढून पाटासमोर बसल्या. हळद लावलीच. केसांना नाही, दांड्यांना.