पाळीखालची पावलं

भूतखेत, भानामती यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. मी पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर; माती दाबायची आणि तिची ताकद मोजायची हाच माझा धंदा. पण १९९९च्या ऑक्टोबरात जे घडलं ते काही मोजता आलं नाही...

नागभीडपासून बाराएक किलोमीटरवर शेकडो वर्षांचा जुना तलाव आहे. त्याची पाळ, म्हणजे बांध, निव्वळ मातीची. तिच्या पायथ्याशी पाण्याची धार लागली होती. मी दोनदा तिथे मुरूम टाकून रोलर फिरवला – धार वाढलीच. पाळ फुटायची भीती होती, म्हणून शेवटी ऑफिसने ठरवलं, सोमवारी पाळ कापून तलाव रिकामा करायचा. म्हणजे तलावाच्या पाण्यावरचं, लोंब्या धरलेलं धान वाळणार आणि ढिवरांची, तिथल्या मासेमारांची, वर्षाची मासोळी वाहून जाणार. पाळ वाचवायचीच, म्हणून मी हट्टालाच पेटलो.

रविवारी भर दुपारी पाळीवर एकटाच फिरत होतो. ओल कळावी म्हणून बूट काढले होते. अचानक तळपायांना हादरे जाणवले. धप्... धप्... खाली पन्नासेक माणसं माती तुडवत असावीत तसे. आजूबाजूला माणूस नाही, गाडी नाही. घाबरलो, खोटं कशाला सांगू. पण तसाच पुढे चालत राहिलो. एका जागी ते एकदम थांबले. मागे सरकलं की सुरू, तिथे पाय ठेवला की बंद. तीनदा करून पाहिलं. धारेपासून ही जागा चांगली तीस पावलं लांब होती.

ढिवरांच्या म्हाताऱ्या कौसाबाईंना गाठलं. हादऱ्यांचं बोललो नाही, फक्त जागा दाखवली.

"साहेब, पानी निंगते तिथी तुमी बुजवून राह्यले," त्या म्हणाल्या. "शिरते कुठी, ते पाह्यलं काय?"

मान खाली गेली. हे तर आमच्या शिक्षणातलं पहिलं पान. त्यांच्या नवऱ्याने त्या जागेसमोर तलावात बुडी मारली आणि वर येऊन सांगितलं, "खांद्यापावतर हात गेला आतमंदी."

पाळ वरून खणली. पोटात काळ्या मातीचा सलग पडदा, दोन्ही अंगांना मुरूम! आम्ही धरणांत 'कोअर' म्हणून मिरवतो तोच पाणी अडवणारा गाभा. एका कुजलेल्या मुळीने त्याला भोक पाडलं होतं.

"मुरूम नोका टाकू," कौसाबाई म्हणाल्या. "काळी माती आना. पायानंच तुडवा लागते."

अख्खा ढिवरपुरा उतरला, मीही पँट दुमडून उतरलो. अंधार पडायच्या आत धार आटली. सोमवारी पाळ कापायला आलेली माणसं परत गेली.

पोकळी, पाण्याचा दाब... त्या हादऱ्यांची सगळी गणितं करून पाहिली, एकही बसत नाही. रिपोर्टात लिहिलं, 'तांत्रिक पाहणीत गळतीचं तोंड आढळलं', आणि सही केली. नोकरीत मी तेवढी एकच खोटी सही केली. खरं काय लिहायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.