बिनफोकाची शाळा

वडूज ओलांडून माणदेशाकडं निघालं की माळाच्या कडेला एक गाव लागतं. नाव सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही, तेव्हा ते राहू दे. त्या गावात मुलांचं एक जुनं हायस्कूल होतं, आणि आसपासचे पलटणीत गेलेले निम्मे जवान आपल्याच शाळेचे, असं गाव छाती फुगवून सांगायचं. शाळेचा एक रिवाज होता. पोरगं पाचवीत घालायचं म्हटलं की बाप एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात निरगुडीचा ओला फोक घेऊन यायचा. नारळ हेडमास्तरांच्या पुढ्यात फुटायचा, फोक कोपऱ्यातल्या रांजणात उभा राहायचा आणि बाप पोराला पुढं ढकलून म्हणायचा, "कातडं तुमचं, हाडं आमची." ज्याचा फोक लवलवता आणि लांब, त्या बापाची पोराच्या शिक्षणाबद्दलची तळमळ मोठी, असा सरळ हिशेब. कुणाचा फोक कुणाच्या पाठीवर मोडायचा, त्याला मात्र धरबंध नव्हता.

दुष्काळ सरला त्या त्र्याहत्तरच्या जूनमध्ये नाथाजी खाडे या शाळेचे हेडमास्तर होऊन आले. माणूस म्हसवडकडचा, मेंढरं राखणाऱ्याच्या पोटचा. सांगलीत बरीच वर्षं मास्तरकी केलेली, पण बोलणं अजून मऊ. उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी भूगोलाच्या तासाला यांनी एक शंका विचारली होती आणि गुरुजींनी रूळ आडवा हाणला होता. शंका काय होती ते सर विसरले. करंगळी विसरू देत नव्हती. आपण कधी एका शाळेचे धनी झालो तर तिथं पोरगं भिऊन शिकणार नाही, उठून "का?" म्हणून विचारील, एवढी एकच आशा या माणसानं जन्मभर उराशी धरली होती. पगार, बढती असल्या गोष्टींत त्यांचा जीव नव्हता.

पहिल्याच दिवशी त्यांनी बापांचे नारळ घेतले आणि फोक हात जोडून परत केले. रांजणातले जुने फोक शिपाई सिद्धूला देऊन बंबात घालायला लावले. बापलोक एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. पोराला हात न लावणारा मास्तर म्हणजे त्यांच्या लेखी पोराची माया नसलेला मास्तर. ड्रिलचे मास्तर हिंदुराव तर उघडच म्हणाले, "आवं सर, फोक न्हाई तर आमी शिकवायचं कशानं?" सर म्हणाले, "तोंडानं शिकवा." हिंदुरावांना ही थट्टा वाटली. बिचारे दिवसभर हसत होते.

दर शनिवारी शेवटच्या तासाला सर अकरावीच्या वर्गात जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "आज तुम्ही विचारायचं, मी सांगायचं." पोरं गप्प. दुष्काळी कामावर खडी फोडून हाताला घट्टे पडलेली ती दांडगी पोरं मान खाली घालून बाक खरवडायची. असे कित्येक शनिवार गेले. मग एकदा मागच्या बाकावरचा जालिंदर फडतरे उठला. त्याचा बाप केरबा पलटणीतून पेन्शनीवर आलेला, आणि जालिंदरचंही ठरलेलं होतं: मॅट्रिक झालं की भरती. त्यानं चाचरत विचारलं, "सर, हिवाळ्यात हिरीचं पाणी गरम का लागतं?"

सरांना असा आनंद झाला की उत्तर द्यायच्या आधी त्यांना खडू शोधायचं निमित्त करून पाठ फिरवावी लागली. घरी आल्यावर बायकोला, विजयमालाबाईंना, जेवता जेवता चारदा तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, भाकरी गार झाली." पण त्याही हसत होत्या. त्या दिवसापासून जालिंदर सरांच्या गळ्यातला ताईत झाला, आणि पोरगंही असं की सरांसाठी विस्तवावरून चाललं असतं.

एकाचं बघून दुसरा बोलायला लागला. सूर्य मावळताना मोठा का, मेंढराला वरचे पुढचे दात का नसतात, इंग्रज एवढे थोडे असून एवढी वर्षं टिकले कसे. शनिवारचा तास गजबजून गेला. पण गजबज शनिवारपुरती राहिली तर ती पोरं कसली! बाकीच्या वर्गांत मास्तर ओरडून थकायचे. हिंदुरावांनी तर शिट्टी फुंकून फुंकून घसा धरल्याची तक्रार केली. ज्यांना मारल्याशिवाय शिकवता येत नव्हतं, त्यांनी शिकवणंच सोडलं आणि बोट हेडमास्तरांकडं दाखवलं. चार-दोन बापांनी पोरं काढून वडूजच्या शाळेत घातली. दिवाळी झाल्यावर कमिटीचे चेअरमन आप्पासो घरी आले आणि मोकळंच बोलले.

"सर, माणूस तुमी देव हाय. पर देवळात घंटा वाजवायची आन् शाळंत फोक, ही रीत हाय. तपासणीला सायेब येत्याल. त्येंनी शिस्तीवर वंगाळ शेरा मारला तर फोक परत यील, आन् तुमी जाशीला. माझा विलाज न्हाई."

म्हणजे वर्षाची सगळी मांडामांड त्या एका दिवसावर येऊन ठेपली. सर वरून शांत दिसत, पण त्यांची झोप उडाली होती. वर्गावर्गांतून हिंडून ते पोरांना सांगत, "बाबांनो, एवढा दिवस सांभाळा. आपण बिनफोकाचे शहाणे आहोत, हे दाखवायचं आहे." हात न उगारणाऱ्या माणसाला हात जोडायची पाळी येते ती अशी.

माघात साहेब आले. जाड भिंगाचा चष्मा, हातात रूळ. पाचवी ते दहावी कशीबशी पार पडली. अकरावीत साहेबांनी कवितेचा अर्थ विचारला, पोरांनी सांगितला. सरांच्या जिवात जीव आला. आनंदाच्या भरात ते बोलून गेले, "आमची मुलं प्रश्नही विचारतात, साहेब." साहेब म्हणाले, "बरं, विचारा."

मधल्या रांगेतलं एक टवाळ पोरगं उठलं. "सायेब, तपासणी आमची हाय का सरांची?"

वर्ग फुटला. असं हसू उसळलं की बाकं वाजायला लागली. साहेबांचा चेहरा लाल झाला. "ही शाळा आहे की बाजार? हेडमास्तर, हेच शिकवता काय?" सर "गप्प बसा, गप्प बसा" म्हणत होते, पण तो मऊ आवाज पोरांच्या कानांपर्यंत पोचेना. तेवढ्यात जालिंदर आपल्या जागेवरून धावत पुढं आला, साहेबांकडं पाठ करून वर्गाकडं वळला आणि हात उंचावून ओरडायला लागला. तो काय ओरडत होता ते गलक्यात सरांना कळलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की आपला लाडका पोरगा, ज्याच्यावर आपण सगळी भिस्त ठेवली तो, साहेबांना पाठ दाखवून धिंगाणा घालतो आहे. वर्षभराचे टोमणे, उडालेली झोप, आप्पासोंचं बोलणं, सगळं त्यांच्या हातात उतरलं. हात फिरला तो जालिंदरच्या डाव्या कानाखाली.

वर्ग चिडीचूप झाला. त्या शांततेत साहेब म्हणाले, "आता कसं!"

मागून एक पोरगं रडवेल्या आवाजात म्हणालं, "सर, त्यो आमाला गप करत हुता. सरांची अब्रू जातीया, गप बसा, म्हणत हुता." जालिंदर कानावर हात ठेवून जागेवर जाऊन बसला.

शेरा उत्तम आला. हेडमास्तरांचा विद्यार्थ्यांवर चांगला वचक आहे, असं साहेबांनी लिहून दिलं. आप्पासोंनी पेढे वाटले. हिंदुराव येऊन हातात हात घेऊन म्हणाले, "सर, लय भारी बसला! फोकाला बी असला आवाज न्हवता." विजयमालाबाईंनी त्या दिवशी दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं.

जालिंदर शाळेत येत राहिला, नमस्कार करत राहिला. पण डाव्या बाजूनं हाक मारली तर बघेना. सरांनी जवळ घेऊन पाहिलं तर कानात पू. ते स्वतः त्याला एसटीत घालून मिरजेला डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटला आहे, कदाचित भरेल, कदाचित नाही. येताना सर एसटीत त्याच्या उजव्या बाजूला बसले आणि म्हणाले, "जालिंदर, माझं चुकलं रे." पोरगं खिडकीबाहेर बघत म्हणालं, "व्हतंय बरं, सर." कान बरा होईल असं त्याला म्हणायचं होतं. चुकलं-बिकलं त्यानं मनावर घेतलंच नव्हतं, आणि तेच सरांना जास्त लागलं.

पडदा भरला नाही. उन्हाळ्यात साताऱ्याला भरती होती. पळण्यात जालिंदर पहिला, उंची-छाती पुरून उरली, आणि डॉक्टरांनी कानात बघून बाजूला काढला. कशानं झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "हिरीत उडी मारताना." बरोबरच्या पोरांनी गावात येऊन हे सांगितलं आणि फिरत फिरत ते सरांच्या कानावर आलं. त्या दिवसापासून सर केरबा फडतऱ्याच्या घरावरून जायचं टाळू लागले. समोरून केरबाचा लाल पटका दिसला की वाट बदलायचे. शाळेतली गडबड तर तपासणीनंतरच थांबली होती. शनिवारच्या तासाला पोरं हाताची घडी घालून बसत, आणि विचारा म्हटलं तर म्हणत, "समदं समजलं, सर."

जून उजाडला. पहिल्याच सकाळी ऑफिसच्या दारात केरबा उभा राहिला. बरोबर धाकटा पोरगा अर्जुना, पाचवीत घालायला आणलेला. सर खुर्चीवरून उठले. हा माणूस आपल्याला शिव्या घालील, चारचौघांत गळपट धरील, याची त्यांनी महिनाभर वाट पाहिली होती. खरं तर त्यानं तसं करावं, असंच त्यांना वाटत होतं.

"केरबादादा, जालिंदरचा कान माझ्या हातानं गेला."

"ठावं हाय की. समद्या गावाला ठावं हाय."

"त्याचा गुन्हा नव्हता. तो पोरांना गप्प करत होता."

"त्ये बी ठावं हाय." केरबानं बाकड्यावर टेकून पटका काढला आणि गुडघ्यावर ठेवला. आवाजात राग नव्हता, कुत्सितपणा नव्हता. शेजाऱ्याला शेतीतली एखादी गोष्ट समजावून सांगावी तसा तो बोलत होता. "वंगाळ वाटून घिऊ नगा, सर. पोरानं मार खायाचाच असतोय, आमी बी खाल्ला. पर तुमचं एक चुकलं. फोक ठिवला असता तर पाठीवर बसला असता. वळ काय, चार दिसात जातोय. हाताचा काय भरोसा, कुठं बी बसतोय."

ज्या माणसानं सांगलीच्या सभांतून छडीविरुद्ध तासतासभर भाषणं केली, त्यानं आपला उजवा हात पाठीमागं नेला.

"जालिंदर काय करतो आता?" त्यांनी शेवटी विचारलं.

"म्हसरं राखतोय. दुसरं काय?" केरबानं अर्जुनाला दंडाला धरून पुढं घेतलं. "आदी तुमचा भरोसा न्हवता वाटत. गाव म्हणायचं, मास्तर बाईमाणसागत हाय. आता न्हाई कोण म्हणत. ह्याला तुमच्याच हाताखाली घालतो, दुसऱ्याच्या न्हाई."

वर्षभर सर गावाच्या ज्या विश्वासासाठी झुरले होते, तो असा आयता चालत आला. सरांना वाटलं, ओरडून सांगावं की नको मला तो. पण टेबलापलीकडं चड्डीची नाडी चावत ते पोरगं उभं होतं. त्याला तरी जवळ घ्यावं, या घरातलं एक तरी पोर आपल्याला भिणार नाही असं करावं, म्हणून सर वाकले आणि त्याच्या डोक्यावरून फिरवायला त्यांनी हात पुढं केला.

अर्जुनानं झटकन दोन्ही कान झाकले आणि डोळे मिटून घेतले.

केरबा समाधानानं हसला. "बगा, आत्तापासनंच भितंय," तो म्हणाला. "आता शिकतंय बगा हे."