म्हस्कूतात्यांचे दोन दगड

मी भिगवणला माशांचा लिलाव करतो. कल्ले उघडून बघितल्याशिवाय मासा घेत नाही, आणि माणसांच्या बाबतीतही माझी हीच खोड आहे. बायको म्हणते, तुम्ही प्रसादाचासुद्धा वास घेऊन बघाल. घेतो. त्यात काय चुकलं?

माझ्या भाचीला, अंजलीला, डाळजचं स्थळ आलं तेव्हाही मी तेच केलं. अंजली बारामतीला नर्स आहे, मुलगा अविराज तिथंच एमआयडीसीत. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, पण बहीण म्हणाली, "दादा, तू हो म्हणशील तरच." अंजलीनं मला फोन केला. "मामा, तुमी उगी कायतरी काढू नका. हितं जमलं न्हाय तर मी दुसरीकडं उभी ऱ्हायची न्हाय." पोरगी हट्टी आहे, बोलली तसं करणारी.

मुलात काही खोट निघाली नाही. खोट वाटली ती बापात. म्हस्कूतात्या पंधरा वर्षं नेव्हीत होते, विमानं उडतात त्या मोठ्या बोटीवर, असं सांगण्यात आलं. बोटी मीही जन्मभर बघत आलोय. उजनीच्या पाण्यात दोन माणसं जास्त बसली तर आमची बोट कलंडते. समुद्रातली बोट मोठी असते हे मला कळतं, पण मोठी गोष्ट सांगणाराकडे मी जरा जास्तच बारकाईनं बघतो.

डाळजच्या महिपतीकडे चौकशी केली. तो तात्यांचा शेजारी. म्हणाला, "त्यांची आई तर सांगायची, पोरगा बोटीवर मास्तर हाय म्हणून. हातात कायम चॉक असतोय म्हनायची." बोटीवर कसली आलीय शाळा? मग अविराजला विचारलं, तर तो म्हणाला, बाबा विमानं सांभाळायचे. शेवटी बाजारात खुद्द तात्याच गाठ पडले, तेव्हा त्यांनाच विचारलं. दोनदा विचारावं लागलं. कानानं कमी ऐकू येतं म्हणे. मला तर वाटलं, नको तो प्रश्न आला की कान बंद करतात. मग हळूच म्हणाले, "दगड लावायचो. चाकाला."

एक माणूस, तीन धंदे. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच.

महिपतीनं आणखीही भर घातली होती. तात्या रोज सकाळी अंगणात वाकून वाकून खडे वेचतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ रेषेत. काहीजण म्हणतात, त्या अंगणात काहीतरी पुरलंय. दारात कुणाचीही गाडी थांबली, की दोरीनं जोडलेले दोन दगड आणून चाकाच्या पुढंमागं लावतात, जमीन सपाट असली तरी. उसाचा ट्रॅक्टर असो की पाहुण्यांची मोटारसायकल. पोरं त्यांना दगडतात्या म्हणतात. हे सगळं ऐकून मी बहिणीला म्हटलं, माणूस एकतर खोटा आहे, नाहीतर डोक्यानं अधू आहे, आणि असल्या घरात पोरगी द्यायची नसते.

तरीही हवेत बोलणारा मी नाही. पुरावा पाहिजे. दर रविवारी माझ्याकडे मरळ न्यायला रविराजसाहेब येतात. आधी नेव्हीत वैमानिक होते, आता बारामतीच्या धावपट्टीवर पोरांना विमान शिकवतात. त्यांना विचारलं, "साहेब, बोटीवर दगड असत्यात का?"

साहेब हसायलाच लागले. "दगड? अहो, एक खडा जरी विमानाच्या इंजिनात गेला तरी इंजिन खलास. दगड तर सोडाच, सांडलेला स्क्रूसुद्धा चालत नाही."

मला हवं होतं ते मिळालं. म्हटलं, साहेब, एवढं एक काम करा, माझ्याबरोबर डाळजला चला. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. हो-नाही करत ते तयार झाले. नेव्हीचं नाव सांगून कुणी फसवत असेल तर त्यांनाही राग यायचाच.

रविवारी त्यांच्याच गाडीतून गेलो. अंगण खरंच स्वच्छ होतं, पायाखाली एक खडा लागला नाही. आम्ही ओसरीवर टेकेपर्यंत तात्या मागं राहिले. गाडीपाशी काय करत होते ते दिसलं नाही. तात्यांची बायको तुळसाबाई चहा घेऊन आली. कप समोर ठेवला. मी हात लावला नाही. सोयरीक करायची नसेल तर चहा तसाच राहू द्यायचा, हे आमच्याकडे पोरासोरालाही कळतं. तुळसाबाईच्या तोंडावरचा रंग उडाला.

मी सरळ मुद्द्याला हात घातला. मोठ्यानं विचारलं, "तात्या, तुमी बोटीवर दगड लावत व्हता न्हवं?"

"व्हय," तात्या म्हणाले.

"आन तुमची आई म्हनायची मास्तर हाय?"

तात्या हसले नुसते. तुळसाबाई काहीतरी सांगायला गेली, पण मी साहेबांकडे बघितलं. साहेबांचा चेहरा कडक झाला होता. खोटं पकडलं की माणसाला बरं वाटतं. मलाही वाटलं, कशाला नाकारू. साहेब उठले. "चला हिंदुराव. निघू आपण." खिशात फोन वाजत होता. अंजलीचा. मी उचलला नाही.

गाडीत बसलो. साहेबांनी गाडी चालू केली, तेवढ्यात तात्या धावत पुढं आले. त्यांनी दोन्ही मुठी छातीसमोर एकमेकींवर धरल्या. थांबा, असं. मग खाली वाकले आणि चाकाखालचे दगड ओढून काढले. मला वाटलं आता बाजूला होतील. नाही झाले. साहेबांना नीट दिसेल अशा जागी जाऊन उभे राहिले आणि दोरीला लटकणारे दोन्ही दगड डोक्याच्या वर उचलून धरले. नजर साहेबांच्या डोळ्यांवरून हलत नव्हती.

साहेबांचा अंगठा आपोआप वर गेला. आणि मग त्यांनी गाडी बंद केली.

"चॉक," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "अरे देवा. चॉक!"

ते खाली उतरले ते मला काही न सांगताच. मीही मागोमाग गेलो. साहेबांनी आणि तुळसाबाईनं मिळून सांगितलं ते असं: विमान घसरू नये म्हणून चाकाला जे अडण लावतात, त्याला नेव्हीत चॉक म्हणतात. पहिल्या रजेला आलेल्या पोरानं, म्हणजे तात्यांनी, आईला सांगितलं, आये, मी चॉक लावतो. आईला खडू कळला. खडू म्हणजे मास्तर. साऱ्या गावाला सांगून आली. पोराला लाज वाटली, म्हणून पुढच्या खेपेपासून तो दगड म्हणू लागला. दगड सगळ्यांना कळतो, एवढाच त्याचा विचार.

"आन ते खडे वेचनं?" मी विचारलं.

"आम्ही रोज सकाळी सगळे ओळीनं चालायचो डेकवर. खाली बघत," उत्तर साहेबांनी दिलं. "अधिकारीसुद्धा." कानाचं विचारायची मला गरज उरली नाही. पंधरा वर्षं त्या इंजिनांशेजारी उभा राहिलेला माणूस.

साहेबांनी वर्षं विचारली. दोघं एकाच वेळी 'विराट' नावाच्या बोटीवर होते, चांगली तीन वर्षं. साहेब म्हणाले, "आम्हाला यांची तोंडं कधी दिसलीच नाहीत. टोपी, चष्मा, कानावर डबे. आत बसल्यावर दिसायचे ते फक्त हात. काढलेलं सगळं वर धरून दाखवायचे. ते मोजल्याशिवाय मी एकदाही उडालो नाही. आणि मघाशी हा माणूस समोर बसला होता, तर मी याला खोटा ठरवून उठलो."

तात्यांना एवढं सगळं ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. ते म्हणाले, "साहेब, एकबी दगड खाली ऱ्हायला न्हाय माझ्या हातनं. एवढंच काम व्हतं."

मला लाज वाटली. इतकी, की मान वर होईना. ओसरीवर माझा कप तसाच होता, चहावर साय धरली होती. मी तो उचलला आणि सायीसकट एका दमात पिऊन टाकला. तुळसाबाईनं तोंडाला पदर लावला.

फोन पुन्हा वाजला. उचलला. "मामा, काय झालं?" अंजलीनं विचारलं.

मी घाईघाईत तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, "काय न्हाय गं. तुझ्या सासऱ्यानं हात दाखवलं, आन आमी अंगठा दाखवला."

पलीकडं पोरगी हमसून रडायला लागली. आमच्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते मी त्या क्षणी साफ विसरलो होतो.

"अगं तसला न्हाय!" मी ओरडलो. "इमानातला अंगठा! दगड काढल्यात, वाट मोकळी हाय, उडा म्हनायचा!"

ती रडायची थांबेना. मी खरं सांगतोय आणि समोरच्याचा विश्वास बसत नाही, असं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच होत होतं. तात्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आपल्या बऱ्या कानाला लावला.

"पोरी," ते म्हणाले, "ये तू घरी."