मेहुण्याचं खोटं शेत

आमच्या मेहुण्याइतका संशयी माणूस अख्ख्या मारेगाव तालुक्यात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे त्याचा सगळा संशय फक्त संगणकावर. बायकोचा हा धाकटा भाऊ आमच्याच घरी राहून शिकला, इथेच काम करू लागला आणि मग नोकरीसाठी बंगळुरूला गेला. तो परत येतो की तिकडचाच होतो, ही एकच काळजी आता आमच्या घराला पुरते.

बोंडअळी कशी पसरते हे दाखवणारं, परदेशातल्या शेतांसाठी केलेलं सिम्युलेशन त्यानं आपल्या कपाशीसाठी बदलून घेतलं होतं. ते बरोबर आहे का, हे पाहायला तो त्यातला वारा, पाणी, वाण सगळं गाळून टाके आणि कागदावर दोनच चौकोन ठेवी: अळी आहे, अळी नाही. म्हणे, “भाऊजी, मोठं गणित खोटं बोलून राह्यलं असन, तर लहान गणिताले विचारावं.” ही खोड घरातही होतीच. मुलगी पाहून आला, तर रंग, उंची, शिक्षण काहीच सांगेना. “हासते,” एवढंच म्हणाला. पुढे नकार तिकडूनच आला. तिच्या वडिलांनीही बहुधा याला गाळूनच पाहिलं असावं.

एकदा स्क्रीनवरच्या शेतात वेचणी संपताच अळी नाहीशी होऊ लागली. कागदावर मात्र तिला मारल्याशिवाय ‘नाही’च्या चौकोनात जायला वाटच नव्हती. “मंग गेली कुठं?” म्हणत हा जेवणखाण विसरून घरभर फिरला आणि परसात चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाटीपुढे, कपाशीच्या वाळक्या झाडांपुढे, थबकला. परदेशात वेचणीनंतर झाडं गाडून टाकतात, तेच त्या सिम्युलेशनमध्ये राहून गेलं होतं. आपण ती वाळवून उन्हाळाभर दाराशी ठेवतो, अळीसकट. एक वाळकं बोंड फोडून त्यानं मोठ्या आनंदानं बहिणीला गुलाबी अळी दाखवली. ती म्हणाली, “अन् आता चूल कायवर पेटवू?”

आता रविवारी फोन येतो. बहीण, म्हणजे त्याची बाई, विचारते, “कवा येशीन रे?” तो म्हणतो, “पाह्यतो.” मग फोन माझ्याकडे येतो. मी थोडक्यात खुशाली सांगू लागलो की अडवतो. “तसं नाही, भाऊजी. सकाऊनपासून सांगा. बाईनं काय रांधलं, अंगणात कोण बसलं होतं, सारं. काही गाळू नका.” मी सांगतो, वांगी जरा करपली, शेजारची गाय व्याली. सांगण्यासारखं संपतं, तरी तो फोन ठेवत नाही. त्याची फार आठवण येते, हे काही मला बोलता येत नाही. मग मी उगाच काहीबाही रचून सांगतो. रचलेलं आहे हे त्याला कळतंच, तरी तो विचारतो, “मंग?”