दोन तारांवरचं विमान

अख्खा हिवाळा जेवणाच्या टेबलावर हलकं लाकूड तासून मी छोटं विमान केलं. तोवर घरच्यांनी ताटं मांडीवर घेतली. आज त्याचं पहिलं उड्डाण. पंखातून निघालेल्या दोन बारीक तारा माझ्या हातातल्या लाकडी मुठीला बांधलेल्या होत्या; ती कलवली की विमान वर-खाली होतं. इंजिन घरघरत होतं आणि दूर उभ्या बायकोनं विमान धरलं होतं. मी ऐटीत मूठ वर कलवून पाहिली, तर विमानाच्या शेपटीची पट्टी खाली झुकली, तोच ती ओरडली, "अहो, मूठ उलटी धरलीय! वर न्यायला जाल आणि जमिनीत घुसवाल!"

मूठ सरळ केली. तिनं विमान सोडलं.

आणि ते उडालं! माझ्याभोवती फिरताना त्यानं एक कोलांटीही मारली. मीही मैदानाच्या मधोमध गरगरत होतो. जत्रेत पोर हात ओढतं तशी ओढ मनगटाला लागत होती. गंमत म्हणजे, ते असं ओढतं तोवरच माझं ऐकतं. तार सैल पडली की संपलं. आणि मी मेला घरात कुणी जरा ओढलं की कुरकुरतो!

इंधन संपलं, विमान अलगद गवतावर टेकलं. मी मात्र चक्कर येऊन धपकन बसलो. बायको धावत आली, ती थेट विमानाकडे.

"काही मोडलं नाही हो! द्या ती मूठ, आता मी उडवते."

दिली. जमीन फिरायची थांबायच्या आतच दिली.