तक्त्यावरची शेवटची ओळ

चष्मेवाल्या, हे पत्र तुला आहे, पण वाचणार दुसरेच. तू जाहिरात छापलीस तेव्हा मला विचारलं नव्हतंस, म्हणून मीही तुला न विचारता छापतेय. तुझ्या आईची मैत्रीण म्हणून तू मला मावशी म्हणतोस, तेवढा हक्क पुरे. आणि इथून पुढे मी तुला ‘तो’ म्हणणार आहे. तोंडावर चांगलं बोललं की तू पुसलेलीच काच पुन्हा पुसत बसतोस, आणि माझ्याकडे तेवढा वेळ नाही.

तर तो. बाजाराच्या टोकाला, औषधांच्या दुकानाला चिकटून त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. पुढे काउंटर आणि फ्रेमा टांगलेली भिंत, मागे अंधारी लांबट खोली, तिथे डोळे तपासायची खुर्ची, आणि त्याच्याही मागे काचा घासायचं मशीन. आई सकाळी त्याच्याबरोबर दुकानात येते आणि दोन खोल्यांच्या मधल्या दारापाशी खुर्ची टाकून बसते. काचबिंदूने तिची नजर कडेकडेने खात आणली आणि शेवटी सगळीच नेली. “मुलगा चष्मेवाला आणि आई आंधळी, काय झकास जाहिरात आहे दुकानाची!” हे दुसरं कुणी म्हणत नाही, तीच म्हणते. गिऱ्हाइकांना हसावं की नाही ते कळत नाही.

नजर गेल्यावरच्या पहिल्या निवडणुकीत तो तिला मतदानाला घेऊन गेला. ज्याला दिसत नाही त्याने बरोबर कुणाला तरी आणावं, असा नियम. पडद्यामागे दोघं गेले. आईने कोणाला मत द्यायचं ते त्याच्या कानात सांगितलं. नेमका तोच माणूस, ज्याचं नाव ऐकलं तरी याच्या कपाळाची शीर उडायची. तरी त्याने इमानदारीने त्याच नावापुढे शिक्का मारला, कागदाची घडी घातली, पेटीत टाकली.

रस्त्यात आई म्हणाली, “तुझा हात थांबला होता.”

“नाही गं.”

“माझी बोटं तुझ्या कोपरावर होती. थांबला होता.”

“पण शिक्का तू सांगितलास तिथेच मारला.”

“मारला असशील. मला कसं कळणार?”

पुढच्या निवडणुकीला ती खुर्चीतून उठलीच नाही. “माझं मत माझ्या हाताने. नाहीतर राहू दे,” म्हणाली. रागावून नाही, पोट भरल्यावर आणखी एक घास नको म्हणावं, तसं. ती रागावली असती तर त्याने समजूत तरी काढली असती. आता काय काढणार?

ते त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. आणि एक गोष्ट आत शिरली की मागोमाग चार येतात. काचा घासता घासता तो राज्यकारभाराची दुरुस्ती करू लागला. निवडून आलेल्याने महिन्यातून एकदा सामान्य माणसाच्या रांगेत उभं राहावं. सभेत जितका वेळ बोलला तितकाच वेळ गप्प बसून ऐकावं. पाटीवर नाव नको, काम कधी पुरं होणार ती तारीख हवी. आणि असंच बरंच काही. बायको हिशेब करता करता ऐकायची.

“देश सुधारा, माझं काही म्हणणं नाही,” ती म्हणायची. “फक्त आधी मागच्या दाराची कडी सुधारा. कधीची सांगतेय.”

कडी तशीच राहिली. तो मात्र दुकानाच्या नव्या पाटीसाठी बाजूला टाकलेले पैसे उचलून साप्ताहिकाच्या कचेरीत गेला आणि मागचं अख्खं पान मागितलं. जाहिरातवाल्याने त्याला खालून वर न्याहाळलं.

“कुठल्या पक्षातर्फे?”

“माझ्यातर्फे.”

“म्हणजे संस्था, मंडळ, काहीतरी असेल ना?”

“नाही हो. मी. एकटा.”

“उभे राहणार आहात?”

“दिवसभर उभाच असतो. तुम्ही छापा.”

“खाली नाव-पत्ता लागेल. निनावी राजकारण आम्ही छापत नाही.”

त्याने दुकानाचा पत्ता दिला. मजकूर त्याने स्वतः मांडून आणला होता, डोळे तपासायच्या तक्त्यासारखा: वरची ओळ ठळक, मग एकेक ओळ बारीक होत गेलेली. वरची ओळ कुणालाही वाचता येते, खरी परीक्षा खालची, हे त्याच्या धंद्यातलं शहाणपण. म्हणून त्याने रांगेत उभं राहायचं वर टाकलं आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता ते सगळ्यांत खाली, सगळ्यांत बारीक अक्षरात: ‘ज्यांना दिसत नाही त्यांना मतपत्रिकेवर ठेवायला खिडक्या कापलेला पुठ्ठ्याचा साचा द्यावा. ज्याचं मत, त्याच्याच हाताने.’ कुठल्याही शहाण्या माणसाने नेमकं उलट केलं असतं. पण चष्मेवाल्याला दुसरी मांडणी सुचणार कशी?

पान छापून आलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच बाहेर माणसं उभी. त्याची छाती फुलली. सगळ्यांत पुढे बेकरीवाला.

“वाचलंत?” याने विचारलं.

“वाचलं ना! तीन ओळी ठणठणीत, चौथी पुसट, शेवटची तर दिसलीच नाही. नंबर वाढलेला दिसतोय. आता तपासता का, भट्टी सोडून आलोय.”

मागचाही तेच म्हणाला, त्याच्या मागचाही. मागचं पान, डोळ्यांचा तक्ता, खाली चष्म्याच्या दुकानाचा पत्ता. लोकांनी दुसरं काय समजावं? दुपारपर्यंत बायकोच्या पावत्या संपल्या. “अशी जाहिरात दर महिन्याला देत जा,” ती म्हणाली. तिने खरंच मनापासून म्हटलं होतं, म्हणून त्याला जास्तच लागलं.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून तो कपाळाला हात लावून बसला. एकही माणूस शेवटच्या ओळीपर्यंत पोचला नव्हता. पान उलटं मांडून पुन्हा छापावं, असं त्याने म्हणून बघितलं. बायकोने हिशेबाची वही त्याच्यापुढे सरकवली. पाटीही गेली होती आणि पाटीचे पैसेही.

“त्या खुर्चीतल्या माणसाला तू काय वाचायला लावतोस रे?” दारातून आई म्हणाली.

“अक्षरं. क, ट, म, ल.”

“त्याचा कुणाला उपयोग? तुझं पान लाव तिथे. वाचल्याशिवाय सुटका नाही, आणि वाचता येईपर्यंत तू काचा बदलणार. असा श्रोता कुठल्या पुढाऱ्याला मिळतो?”

दुसऱ्या दिवशी त्याने तो मजकूर त्याच मापात, पांढऱ्यावर काळा, पुठ्ठ्यावर चिकटवून घेतला आणि भिंतीवर लावला. आता जो खुर्चीत बसेल तो मोठ्याने वाचू लागला आणि बाहेर थांबलेले ऐकू लागले. बसचा ड्रायव्हर पहिल्याच ओळीवर अडला. “रांगेत कशाला? आमच्या बसमध्ये उभे राहा म्हणावं, तेही संध्याकाळी. दोन स्टॉपांत सुधारतील.” एक शिक्षिका ऐकायच्या ओळीला पोचली आणि हे शाळेतही लागू करा म्हणाली. पण शेवटच्या ओळीपाशी सगळ्यांचा आवाज खाली यायचा. ‘ज्यांना... दिसत... नाही...’ तो काच बदलायचा, शब्द पुढे सरकायचे, आणि दारातल्या खुर्चीत आईचे ओठ त्यांच्याबरोबर हलायचे.

“साचा म्हणजे कसा असतो?” कुणीतरी विचारायचंच. मग तो खणातून काढायचा. फ्रेमांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे असे कितीतरी त्याने कापले आणि आईने नापास केले होते. “खिडकी मोठी झालीय, शिक्का डळमळतो.” “कड खरखरीत आहे, बोट अडकतं.” मान्य झालेला साचा ती स्वतः कागदावर ठेवून दाखवायची: वरून बोटाने खिडक्या मोजत जायचं, हव्या त्या खिडकीत शिक्का. शिक्का एकदाही खिडकीबाहेर गेला नाही.

आणि मग एक दिवस निवडणूक कचेरीतल्या अधिकारी बाई नंबर तपासायला आल्या. घाईत होत्या, बॅगही खांद्यावरून काढली नाही. दोन ओळी वाचून थांबल्या.

“हे राजकीय आहे का?”

“डोळ्यांचं आहे, मॅडम. पुढे वाचा.”

शेवटची ओळ त्यांनी सबंध वाचली. सवयीने त्याने विचारलं, “आधी बरं दिसत होतं की आता?”

“आता,” बाई म्हणाल्या. मग कचेरीतला आवाज लावून, “पण नियमात साथीदाराची सोय आहेच.”

“साथीदार चांगला आहे हो, माझाच मुलगा आहे,” आई दारातून म्हणाली. “पण त्याला कोपर आहे.”

बाईंना काही कळेना. मग आईने कोपराची सगळी गोष्ट सांगितली. तो काचांचा ट्रे लावत खाली मान घालून उभा होता. बाई उठल्या, साचा मागून घेतला आणि ‘बघते’ म्हणून गेल्या. कचेरीतलं ‘बघते’ म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने आशा सोडली. आईने नाही सोडली. ती रोज पुठ्ठ्यावर हात चालवत राहिली.

पण बाई आल्या. चष्मा नाकावरून घसरतो म्हणून आल्या, आणि बॅगेतून साचा निघाला, पेन्सिलच्या खुणांनी भरलेला. “हा उलटा ठेवला गेला तर? वरचा उजवा कोपरा कापा, म्हणजे हाताला कळेल.” आईने कपाळावर हात मारून घेतला. एवढे नापास केले, आणि हे कसं सुचलं नाही!

“एका केंद्रावर, प्रयोग म्हणून परवानगी मिळालीय,” बाई म्हणाल्या. “पोटनिवडणुकीत. तुमच्याच केंद्रावर. गाजावाजा नको.”

त्या दिवशी आई पहाटेच तयार होऊन बसली. केंद्रावर तिला उमेदवारांची नावं क्रमाने वाचून दाखवली, हातात साचा दिला, पडद्यापर्यंत नेलं. आत ती एकटी गेली. तो बाहेर. कोपर कुठे ठेवावं ते त्याला समजेना. एकदा खिशात हात घातले, एकदा मागे बांधले. आत वेळ लागत होता. रांगेतून एक जण ओरडला, “आजी, झोपलात की काय?”

“विचार करतेय,” पडद्यामागून उत्तर आलं. “तुम्ही करत नाही वाटतं?”

सगळी रांग हसली. ती घडी घातलेला कागद घेऊन बाहेर आली, पेटीची फट चाचपू लागली. तो एक पाऊल पुढे गेला आणि तिथेच थांबला. तिला फट सापडली.

परत येताना तिने त्याच्या कोपराला धरलं होतं. वळणापर्यंत त्याने कसाबसा धीर धरला.

“कुणाला दिलंस?”

“गुप्त असतं ते.”

“मला पण नाही?”

“तुला तर मुळीच नाही.”

आणि त्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलास, चेहरा असा की जणू तूच निवडून आलायस. पुढच्या खेपेला सगळ्या केंद्रांवर साचे द्यायचा विचार चाललाय, बाईंनी आणखी नमुने मागवलेत, हे दारातच सांगून टाकलंस. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणालास, “मावशी, तू विचार ना तिला. तुला सांगेल.” बुधवारी ती चहाला येणारच होती. विचारीन म्हटलं.

बुधवारी ती आली. आम्ही दोघींनी चहा घेतला, तुझ्या बायकोबद्दल चांगलं बोललो, गुडघ्यांबद्दल वाईट. मी विचारलं नाही. त्यानंतरही पुष्कळ बुधवार झाले. तू काउंटरवरून भुवया उडवतोस आणि मी माझ्या चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणून तुझ्यापुढे धरते. तुझं काम राहिलंय ते राहिलंयच.